लाल ठिपक्यांचा बोर्ड

मी दोन दिवस बाहेरगावी गेले आणि तेवढ्यात माझ्या दादाने माझ्या कम्प्युटरचा मदरबोर्ड बदलून टाकला. मला न विचारता. हे वाक्य मी त्यानंतर किमान पन्नास जणांना ऐकवलं आहे आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात गेली आहे, तेव्हा इथेही ते जरा जोरात लिहिलं गेलं असेल तर चालवून घ्या.

आमचं दुकान बुटांचं, पण काचेच्या कपाटात मांडलेल्या बुटांचं नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली, कुणाची बोटं अपघातात गेलेली, अशांच्या पायांना बसतील असे बूट आम्ही करतो. पुढच्या खोलीत दादा तळवे चिकटवतो आणि गिऱ्हाईक बघतो. मधल्या खोलीत मावशी, म्हणजे आमच्या आईची धाकटी बहीण, वरचं चामडं शिवते. मागच्या खोलीत मी, माझा कम्प्युटर आणि कटर. हा कटर म्हणजे टेबलाएवढं यंत्र. मी पडद्यावर आखलेला आकार तो चामड्यातून आणि बुचाच्या थरांतून रेसभरही इकडेतिकडे न होता कापतो. त्याला हुकूम देणारं एक कार्ड आहे आणि ते बसतं मदरबोर्डावरच्या एका लांब काळ्या खाचेत. ही खाच असलेले बोर्ड निघायचे बंद होऊन वीस वर्षं झाली. कटर करणारी कंपनीही बुडाली. थोडक्यात, तो बोर्ड आहे तर कटर आहे, आणि कटर आहे तर दुकान आहे.

म्हणून तो बोर्ड मी जिवापाड जपते. दर चार महिन्यांनी झाकण काढून मऊ ब्रशने धूळ झाडायची. पंख्याला तेलाचा एक थेंब. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावायची. तीन वर्षांपूर्वी त्यावरचे वीज साठवणारे आठ कपॅसिटर फुगले, तेव्हा मी स्वतः डाग देऊन ते बदलले आणि प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवला. ही आईची पद्धत. दुरुस्त केलेल्या प्रत्येक बुटाच्या आत ती एक ठिपका लावायची. ठिपका म्हणजे हे आम्ही केलंय, बिघडलं तर आमच्याकडे या, आम्ही नाही म्हणणार नाही. बाटली अजून माझ्या खणात असते. नखांना मी आयुष्यात नेलपॉलिश लावलेलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी बोर्डावरची गोल बॅटरी बदलली. बॅटरी मरायला टेकली की कम्प्युटर तारीख विसरतो, मग डिस्क विसरतो. नवी बॅटरी घातली की जुन्या भलत्यासलत्या नोंदी पुसाव्या लागतात. त्यासाठी बोर्डावर तीन पिना असतात आणि त्यांतल्या दोन पिनांवर मसुराच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. ती उचलून शेजारच्या जोडीवर ठेवायची, दहापर्यंत मोजायचं, परत जागेवर आणायची. मग झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर बघून सगळ्या नोंदी नव्याने भरायच्या. मी पाचपर्यंत मोजलं असेल, तेवढ्यात चामडं पुरवणाऱ्याचा फोन आला. त्याने सलग दुसऱ्यांदा जाड चामड्याच्या नावाखाली पापुद्रे पाठवले होते. मी त्याला यथेच्छ झापलं. इतकं की मावशी शिवणयंत्र थांबवून ऐकत बसली. मग उशीर झाला म्हणून झाकण लावलं, नोंदी आल्यावर भरू म्हटलं आणि पिशवी उचलून धावले. गाडीतही मी मनातल्या मनात त्या माणसाशीच भांडत होते.

बाहेरगावच्या इस्पितळात दोन दिवस मी पायांची मापं घेतली. बुधवारी सकाळी परतले. मागच्या खोलीत शिरले तर टेबलावर कटरचं कार्ड उघडंवाघडं पडलेलं, शेजारी आमची जुनी डिस्क, आणि कम्प्युटरच्या डब्यात चकचकीत नवा बोर्ड, आत निळा दिवा वगैरे लुकलुकत असलेला.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. दादा दारात उभा होता आणि त्याचे हात एप्रनच्या खिशात होते.

"काल सकाळी सुरू केला तर सुरूच होईना. पंखासुद्धा फिरेना," तो म्हणाला. "कम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, बोर्ड मेलाय. मला वाटलं, तू यायच्या आत नवा बसवून ठेवावा."

"आणि कार्ड? हे कार्ड काय डोक्यावर ठेवू?"

"ते बसत नाही हे नंतर कळलं."

"मला फोन करायला काय झालं होतं?"

मूग गिळून बसण्यात आमच्या दादाचा हात कुणी धरणार नाही.

आता हे कळायला हवं की त्या दिवशी घाई कसली होती. टपालवाली बाई आमचं जुनं गिऱ्हाईक. डावा पाय साडेतीन सेंटिमीटर आखूड, आणि तरी चौदा वर्षं तिने चढउताराच्या गल्ल्यांतून पायी टपाल वाटलं. आता तिच्या पायाची शस्त्रक्रिया झाली होती, जुना बूट बसत नव्हता. सोमवारी ती कामावर उभी राहिली नाही तर तिचा रस्ता दुसऱ्याला देणार आणि तिला खिडकीमागे बसवणार, असं साहेबाने कळवलं होतं. "खिडकीमागे मी आठ दिवसांत मरेन," असं ती मला म्हणाली होती, आणि मी तिला शब्द दिला होता. बुचाचे अकरा थर, प्रत्येक वेगळ्या उताराचा. ते बुधवारी कापले तरच शिवण आणि चिकटवणं सुकून रविवारपर्यंत बूट उभा राहणार. हे थर हाताने कापणारी एकच बाई होती, आमची आई, आणि ती आता नाही.

"जुना बोर्ड कुठाय?"

"त्याने नेला."

मी चप्पलही धड न घालता निघाले.

कम्प्युटरवाल्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. आत जाऊन मी आधी पाच मिनिटं तोंडसुख घेतलं. गिऱ्हाइकं उठून बाहेर गेली. तो बिचारा, आता बिचारा म्हणते, तेव्हा म्हटलं नव्हतं, तो म्हणाला, "ताई, त्यात जीव नव्हता. बटण दाबलं, काहीच नाही. एवढा म्हातारा बोर्ड, उघडून काय बघायचं?"

"म्हातारा झाला म्हणून तुम्ही माणसं पण अशीच फेकता का?"

त्याने मागच्या कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट केलं. तिथे चाळीसेक बोर्ड एकमेकांवर रचलेले होते, सगळे हिरवे, सगळे धुळकट. मी खाली बसले आणि उपसायला लागले. खालून सहावा. लाल ठिपके लांबूनच दिसले, आठच्या आठ. प्रोसेसर आणि पंखा अजून वर होता. मी तो छातीशी धरून दुकानात आणला आणि वाटेत दिसेल त्याच्याकडे रागाने बघितलं.

नवा बोर्ड उचकटून काढला. जुना बसवला, सहा स्क्रू, वायरी, डिस्क, काळ्या खाचेत कार्ड. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही.

मग माझं डोकं फिरलं. दादा मागे उभा राहून बघत होता, त्याच्यावर मी तुटून पडले. त्या माणसाने ओढताना काहीतरी तोडलंय, खोक्यात टाकून मारलंय, आणि तू बघत उभा राहिलास. टपालवालीला आता तूच सांग. सांग तिला, की माझ्या अकलेमुळे तू खिडकीमागे बस. एवढ्यावर थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

"आई तुला या खोलीत येऊ देत नव्हती ते उगाच नाही," मी म्हणाले.

मधल्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं. दादाने एप्रन काढला, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि पुढे निघून गेला. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आमचा दादा दार आपटत नाही.

मी भिंग घेतलं. म्हटलं, काय तुटलंय ते शोधून काढते आणि त्या कम्प्युटरवाल्याच्या नाकासमोर धरते. कपॅसिटर ठीक. खाच ठीक. वायरींच्या जागा ठीक. बॅटरी मी घातलेली, नवी, चकचकीत. तिच्याशेजारी तीन पिना. आणि टोपी.

टोपी दुसऱ्या जोडीवर होती. पुसायच्या जोडीवर. तिथे टोपी असली की या बोर्डाचं बटण काम करत नाही. पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय आणि मी ते लोकांना शिकवलंय. मी पाचपर्यंत मोजलं होतं. सहा, सात, आठ, नऊ, दहा मी त्या चामडेवाल्याला शिव्या देण्यात घालवले आणि तशीच झाकण लावून निघून गेले. बोर्ड मेला नव्हता. त्याला कुणी मारलं नव्हतं. दादाने सुरू केला तेव्हा तो माझ्यामुळे बंद होता.

मला लाज वाटली असं लिहिणार होते, पण आधी रागच आला. स्वतःचा, आणि मग पुन्हा दादाचा, कारण एक फोन केला असता तर... मग मला कळलं की त्याने का केला नाही. मी बाहेरून आले की मावशी काहीतरी आणायला आत जाते. नेहमी. मी इतकी वर्षं समजत होते की तिला खरंच काहीतरी आणायचं असतं.

नखाने टोपी उचलली, जागेवर बसवली. बटण दाबलं. पंखा खरखरला आणि फिरायला लागला. आवाज ऐकून दादा धावत आला, सगळं विसरून.

"झाला?" तो म्हणाला. "बघ, मी म्हटलं ना मावशीला, तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

तो खरोखर खूश झाला होता. गप्प राहणं किती सोपं असतं ते त्या दिवशी मला कळलं. बिघाड कम्प्युटरवाल्याच्या नावावर, दुरुस्ती माझ्या नावावर, आणि वर मी रागावलेलीच राहू शकले असते. खणातून बाटली काढली आणि त्या टोपीवर लाल ठिपका ठेवला. हात सवयीने गेला.

दादाने वाकून बघितलं. "हे काय दुरुस्त केलंस?"

"माझी चूक," मी म्हणाले, आणि सांगितलं. पाचपर्यंत मोजल्याचं, चामडेवाल्याचं, सगळं. सांगतानाही आवाज चढलेलाच होता, माझा चढतोच.

त्याने भिंग उचलून टोपी बघितली.

"फोन केला असता तर सांगितलं असतंस? टोपी बघ म्हणून?"

मी विचार केला. "नाही. आधी दहा मिनिटं ओरडले असते."

"दहा?" मधल्या खोलीतून मावशी म्हणाली.

"आणि ते आईचं जे बोलले..."

"राहू दे."

"राहू देऊ नकोस," मी म्हणाले. "तू नेहमी राहू देतोस, म्हणून मी अशी आहे."

त्यावर तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "म्हणजे तेही माझ्यामुळेच?"

त्याने खुर्चीवरचा एप्रन उचलला, पुन्हा बांधला. मग टेबलावरचं पेन घेतलं आणि झाकणाच्या आतल्या कागदावर, डिस्कच्या नोंदींच्या खाली, त्याच्या त्या मोठ्या गोल अक्षरात एक ओळ लिहिली. लिहून झाल्यावर झाकण माझ्या हातात दिलं आणि तळवे चिकटवायला पुढे गेला.

आधी टोपी बघ. मग ओरड.

मी कागद फाडून टाकला नाही. पेन घेतलं, त्याच्या ओळीतला 'मग ओरड' खोडला, आणि बाटली उघडून शेजारी एक ठिपका लावला. मग नोंदी भरल्या, बुचाचा पहिला तक्ता सरकवला आणि कटर सुरू केला.