तिसरं किकोय

"पोट आत घे," म्हणत वन्संनी नाकिबूकाच्या कमरेभोवती तिसरं किकोय आवळलं. गोमेसी, म्हणजे सणासमारंभाचा पायघोळ झगा, अंगावर भरदार दिसावी म्हणून बायका तिच्याखाली हे जाड कापड नेसतात, पण एकच. मसाका गावच्या उन्हात तीन नेसायची म्हणजे शिक्षाच होती.

"वन्सं, जीव गुदमरतोय."

"गुदमरू दे. मुलाकडचे डोळ्यांत तेल घालून बघणार. आई अशी वाळलेली दिसली की प्रॉसीचं लग्न मोडलंच म्हणून समज."

नऊ महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या नर्सनं रक्तातली साखर तपासून बजावलं होतं, वजन उतरव, नाहीतर पाय गमावशील. नाकिबूकानं चपात्या सोडल्या, गोड चहा सोडला, बाजारात चालत जायला लागली. बावीस किलो उतरले. गुडघ्यांची कुरकुर थांबली आणि शेजारणींची सुरू झाली. बाई बारीक झाली म्हणजे तिला एड्सच झाला, हे त्यांचं ठरलेलं. तिची धाकटी बहीण त्यानंच गेली होती, मग तर पुरावाही नको. "मला तसलं काही नाही," हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की तिलाच ते खोटं वाटायला लागलं होतं.

पाहुणे आले. नाकिबूका रीतीप्रमाणे गुडघे टेकून सगळ्यांशी बोलली, हसली, आणि अर्धा वेळ हात कमरेच्या गाठीवर. घामानं सगळं अंग खाजत होतं. समोर मुलाची आत्या, नामाटोवू, चटईभर ऐसपैस बसली होती. आई गेल्यावर त्या मुलाला तिनंच वाढवलेलं, शब्द तिचाच चालणार.

"याला म्हणतात खात्यापित्या घरची बाई!" वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या. नाकिबूकाला वन्संचा गळा दाबावासा वाटला.

जेवणं झाल्यावर भेटवस्तू मोजायला सगळ्या बायका अंगणात पळाल्या. नामाटोवूला मात्र उठवेना. तिनं दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा ओठ चावला. ते बघून नाकिबूकाला राहवलं नाही. ती ताडकन उठली, काखेत हात घालून तिनं नामाटोवूला उभं केलं. त्याच हिसक्यानं गाठ सुटली. तिसरं किकोय घसरून दोघींच्या पायांशी पडलं.

नामाटोवू आधी त्या कापडाकडे, मग तिच्या कमरेकडे बघत राहिली. अंगणात प्रॉसी खळखळून हसत होती.

"विहीणबाई, मी..."

नामाटोवूनं दार लोटलं.

"उचला ते आधी. मला वाकवत नाही."

मग तिनं पिशवीतून एक बाटली काढली. गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबलेला होता. बहिणीच्या उशाखाली नाकिबूकानं अशीच, चर्चमागच्या दवाखान्यातली बाटली पाहिली होती.

"तुम्ही कापड गुंडाळता, मी जेवते," नामाटोवू हळू आवाजात म्हणाली. "चौदा वर्षं झाली. भूक नसली तरी जेवते. गुडघे गेले, साखर चढली, पण कुणाला वास लागू दिला नाही. पोरालासुद्धा माहीत नाही." एक गोळी तिनं पाण्याबरोबर गिळली. "आज पहिल्यांदाच कुणाला सांगतेय. तुम्ही गोळ्या कुठून आणता?"

नाकिबूकाच्या ओठांवर ते वाक्य तयारच होतं. मला तसलं काही नाही. नामाटोवूनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"अगं, कुठे राहिलात दोघी?" बाहेरून वन्संची हाक आली.

"चर्चमागच्या दवाखान्यातून," नाकिबूका म्हणाली.

नामाटोवूनं तिचं मनगट सोडलं. "मग पुढच्या वेळी बरोबर जाऊ."

नाकिबूकानं गोमेसी वर धरून किकोय कमरेला लावलं आणि तिच्याकडे पाठ केली.

"जरा गाठ मारता?"