अडतिसाव्या पानावरचा लाल ठिपका

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. आपल्याला कोणी कुठे बसून वाचलं, कोणी कोणापासून काय लपवलं, हे पुस्तकांनी बाहेर बोलायचं नसतं. पण आज रविवार आहे. संध्याकाळी पाच वाजता मला वाचनालयात परत जायचं आहे आणि तिथून पुढे कुठे जाईन ते ठाऊक नाही. म्हणून बोलते.

मी एक कादंबरी आहे. रक्त पिणाऱ्या माणसांची. काळं मुखपृष्ठ, त्यावर एक फिकट मान आणि लाल अक्षरं. माझ्यासारख्या आणखी चाळीस जणी आमच्या कप्प्यात होत्या आणि सगळ्यांचं मुखपृष्ठ जवळजवळ असंच होतं. आम्हाला लिहिणाऱ्याही बहुतेक बायकाच.

मला लिहिणारी बाई दूरच्या एका थंड गावात राहते. मुलं शाळेत गेली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसायची. तिने माझ्यात दोन बहिणींची गोष्ट लिहिली. थोरली त्या रक्त पिणाऱ्यांपैकी एक होते. अशा माणसांना आतून कोणी बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. थोरली रोज तिन्हीसांजेला येऊन उंबऱ्याबाहेर उभी राहते. धाकटी तिला खिडकीतून बघते आणि काहीच बोलत नाही. तीनशे पानं हेच चालतं. शेवटच्या प्रकरणात काय होतं, ते नंतर सांगते.

माझी भाषा इंग्रजी. मराठी मी नंतर शिकले, कीर्तना नावाच्या मुलीच्या घरी.

त्याआधी मी वेस्ट मांबलम नावाच्या तमिळ वस्तीत, स्टेशनजवळ एका शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, नारायणस्वामींच्या वाचनालयात होते. तिथे आम्हाला न्यायला बँकेतल्या बाई येत, एक नर्स येई, लग्न ठरलेली एक मुलगी येई. नारायणस्वामी वहीत नाव लिहीत असताना प्रत्येक जण न विचारता सांगे, “भाचीसाठी नेते.” मांबलममध्ये इतक्या भाच्या आहेत हे मला तिथेच कळलं.

मुखपृष्ठं सारखी, नावंही सारखी, त्यामुळे वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी जाई. मग बायकांनी एक रीत पाडली. पुस्तक वाचलं की अडतिसाव्या पानावर खाली कोपऱ्यात आपली खूण करायची. कोणाची चांदणी, कोणाचा पोपट, कोणाच्या तीन रेघा. अडतीसच का, ते मलाही माहीत नाही. पुस्तकांवर पेन लावू नये अशी पाटी भिंतीवर होती. नारायणस्वामींना सगळं माहीत होतं. ते कोणाचंच अडतिसावं पान उघडत नसत.

कीर्तनाच्या आईची, कमलिनीची खूण म्हणजे दोन निळे ठिपके. पुस्तक घरी नेलं की एक, वाचून संपलं की दुसरा. ती एका शाळेच्या ऑफिसात काम करायची. तंजावरकडचं मराठी घर, त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि भांडताना दोन्ही. भाची वगैरे सांगायची तिला गरज नव्हती. ती सरळ म्हणायची, “मला आणि माझ्या मुलीला.”

मायलेकी मला एकत्रच वाचत. सकाळी आई, शाळेतून आल्यावर कीर्तना. दोघींनी एकाच पानाशी थांबायचं आणि शेवटचं प्रकरण शेजारी बसून वाचायचं, असा त्यांचा ठराव होता. प्रत्येक पुस्तकाला तो पाळला गेला. कीर्तना तेव्हा चौदा वर्षांची होती. वर्गात ती फारशी बोलत नसे, घरी मात्र थोरलीची बाजू घेऊन आईशी वाद घालायची.

“एवढी बहीण दारात उभी राहते, तर एकदा ये म्हणायला काय जातं हिचं?”

“आणि ती येऊन हिचं रक्त प्यायली म्हणजे?”

“मग प्यायली. बहीणच ना?”

“अय्यो, तुला बहीण नाही तेच बरं.”

मग कमलिनीच्या अंगात रक्त तयार होईना. नुंगंबाक्कमच्या एका हॉस्पिटलात तिला ठेवलं. मीही पिशवीतून गेले, तीनशे बाराव्या पानात औषधाच्या दुकानाची पावती घालून. त्या पानावर शेवटचं प्रकरण सुरू होतं. दांडीवर रक्ताची पिशवी लटकत असे आणि नळी तिच्या हातात जाई. कीर्तना पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा कमलिनी म्हणाली, “बघ, मी पण ह्या पुस्तकातली झाले.” कीर्तना हसली. नंतर पुष्कळ दिवसांनी तिला वाटलं की तेव्हा हसायला नको होतं.

आता जे सांगायचं नव्हतं ते.

कीर्तनाच्या आत्या, महालक्ष्मी, तंजावरहून मदतीला आल्या होत्या. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या पर्समध्ये एकच पेन असतं, लाल. वाण्याची यादीसुद्धा त्या लाल शाईने लिहितात. एका दुपारी कमलिनीने मला त्यांच्यापुढे धरलं.

“अक्का, मला अक्षरं दिसेनाशी झालीत. शेवटचं प्रकरण वाचून दाखवा.”

“मी? हे रक्त पिणाऱ्यांचं?”

“पोरांचे निबंध वाचलेत ना एकतीस वर्षं? त्यापेक्षा बरंच आहे.”

आत्या चष्मा पुसून वाचायला लागल्या. इंग्रजी बघायच्या आणि मराठीत सांगायच्या. आवाज असा, जणू नोटीस वाचतायत. “इथे तो तिच्या मानेला... बरं, पुढे.” कमलिनी डोळे मिटून म्हणायची, “अक्का, गाळू नका.” “मी गाळत नाही, थोडक्यात सांगते.” मध्येच त्यांना छपाईची एक चूक दिसली. ती त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केली आणि मगच पुढे गेल्या.

संपल्यावर कमलिनीने डोळे उघडले. मग म्हणाली, “कीर्तनाला सांगू नका. आमचा ठराव होता. मी तिच्याशिवाय संपवलं असं तिला वाटेल.”

“वाटेल काय, तसंच आहे ते.”

“हो. पण मला वेळ नाही ना, अक्का.”

आत्यांनी पावती पुन्हा तीनशे बाराव्या पानात घातली. कमलिनीच्या सांगण्यावरून अडतिसावं पान उघडलं आणि तिच्या निळ्या ठिपक्याशेजारी आपल्या पेनाने दुसरा ठिपका दिला. त्यानंतर बाराव्या दिवशी कमलिनी गेली.

याला अकरा महिने झाले. माधवराव, म्हणजे कीर्तनाचे वडील, पहाटेच्या बसने ओरगडमच्या कारखान्यात जातात आणि अंधार पडल्यावर येतात. आत्या इथेच राहिल्या. त्या कमलिनीच्या खोलीत झोपतात. कीर्तना त्या खोलीत जात नाही. कॉफीचा पेला आणि त्याखालचा डबरा उंबऱ्यावरून हात लांबवून देते.

ती रडली नाही. नातेवाईक तिच्या तोंडाकडे बघत, मग एकमेकांकडे बघत. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, मोकळी हो. ती म्हणाली, हो मॅडम. सांबार-भात खाल्ला, गणितात पहिली आली, दोन्ही तिला सारखंच लागलं. मी तिच्या केमिस्ट्रीच्या वह्यांखाली होते. कधीतरी ती मला काढायची, पावतीपाशी उघडायची, पान बघायची आणि मिटायची. आई जिथे थांबली तिथून पुढे जायचं नाही, एवढं तिने धरून ठेवलं होतं. मला सगळं माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

गेल्या आठवड्यात नारायणस्वामींचा फोन आला. वाचनालय बंद होतंय. रविवारी पाचपर्यंत सगळी पुस्तकं हवीत, सोमवारी कोणीतरी गठ्ठ्याने उचलणार आहे. कीर्तना तमिळमध्ये बरं म्हणाली, “सरी, अंकल.” शेवटचं प्रकरण न वाचताच मला परत करायचं तिने ठरवलं. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

आज जेवण झाल्यावर तिने मला पिशवीत घातलं. मग पुन्हा काढलं आणि पेन्सिल घेतली. अर्धवट वाचलेल्याची खूण म्हणून आईसारखा एकच ठिपका द्यावा, असं तिच्या मनात आलं असावं. तिने अडतिसावं पान उघडलं.

एक निळा. एक लाल.

ती उठली आणि मला तसंच उघडं धरून खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत्या कपड्यांच्या घड्या करत होत्या.

“आत्या, हा लाल ठिपका तुमचा?”

आत्यांनी हातातली घडी पूर्ण केली. “हो.”

“म्हणजे आईने शेवट वाचला?”

“मी वाचला. तिने ऐकला.”

“माझ्याशिवाय?”

“तुझ्याशिवाय. सांगू नका म्हणाली होती. मी आजवर सांगितलं नाही.”

कीर्तनाचा चेहरा हलला नाही. तिची बोटं मात्र माझ्या पानाच्या कडेवर घट्ट झाली. इतकी की पान थोडं फाटलं.

“काय म्हणाली ती शेवट ऐकून?”

“शेवटाबद्दल काही नाही.”

“आणि शेवट काय आहे?”

“मला नीट नाही सांगता येणार. मी पाच-सहा ठिकाणी गाळलं. वाचवेना मला ते.”

“तुम्ही गाळताय ते आईला कळलं असणार.”

“कळलं. मला रागावलीसुद्धा.”

“म्हणजे पूर्ण शेवट तिलाही माहीत नाही.”

“नाही.”

खालच्या रस्त्यावर फुलवाली ओरडत गेली. घड्याळात तीन वाजून गेलेत. शेवटचं प्रकरण चाळीस पानांचं आहे. पाचच्या आत होईल. आणि नाही झालं, तर नारायणस्वामी, तुमच्या गठ्ठ्यात मी एक कमी असेन, तेवढं मनावर घेऊ नका. तुम्ही कधी आमचं अडतिसावं पान उघडलं नाहीत, आज आमची मोजदादही करू नका.

कीर्तना अजून उंबऱ्याबाहेरच आहे. आत्यांनी कपडे बाजूला सारून पलंगावर जागा केली, चष्मा पुसला.

शेवटात काय होतं ते सांगते म्हणाले होते. त्या तिन्हीसांजेला थोरली नेहमीसारखी येऊन उभी राहते. धाकटी खिडकीतून बघते. मग ती खिडकी सोडून दाराकडे जाते, कडी काढते आणि

“कीर्तना, बाहेर का उभी? आत ये.”

थांबा, आम्हाला बोलावलं, ती मला घेऊन आत निघाली आहे, एवढं वाक्य पुरं करते, धाकटी कडी काढते आणि थोरलीला म्ह