दोन बोटं कमी

चेंडू आत गेला की टाळ्या पोरींना आणि हुकला की बोल मला, अशी माझी आयुष्यभर गत. मी बोरीच्या शाळेच्या मैदानावरची बास्केटबॉलची रिंग. तक्रार करायला बोलत नाहीये. एक चूक कबूल करायची आहे.

माझा जन्म बन्सीधर लोहारांच्या भट्टीतला. खेळाच्या शिक्षिका सुमंगलाबाईंनी त्यांना कागदावर माप लिहून दिलं होतं. पण बन्सीधरांची हयात बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवण्यात गेलेली. धाव चाकापेक्षा दोन बोटं आखूड कापायची, तापवून चढवायची, म्हणजे थंड झाली की चाकाला घट्ट आवळते. त्याच सवयीच्या हातानं त्यांनी माझी सळईही दोन बोटं आखूड कापली. मला कुठल्या चाकावर चढायचं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. बाईंनीही मोजून पाहिलं नाही. बन्सीधरांच्या कामावर शंका घ्यायची बोरीत पद्धत नव्हती.

कमलबाईंनी बैलाच्या तोंडाला बांधायचं मुसकं विणावं तशी सुतळीची जाळी मला विणून दिली, कारण त्यांची राजेश्री खेळायची. मुसकं बांधलेली रिंग म्हणून मला सगळे हसले. पण ती जाळी मला फार आवडायची.

दिवाळीच्या आसपास पोरी कापूस वेचून थेट मैदानावर यायच्या. बोंडांनी चिरलेल्या बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या असायच्या. राजेश्री लांबून टाकायची. ईश्वरीची तऱ्हा निराळी. ती ओढणी कमरेला आवळायची, चेंडू सोडायची आणि लगेच पाठ फिरवायची. आत गेला की नाही, हे ती जाळीच्या आवाजावरून ओळखायची. खरं सांगते, माझा जीव तिच्यावरच जास्त होता.

पंधरा वर्षांपूर्वी कापसाची जिनिंग गिरणी चालवणाऱ्या तात्यारावांनी महिलांच्या लीगसाठी संघ काढला, 'परभणी रणरागिणी'. पोरी आमच्या, बाई आमच्या, सरावाला मी. आणि खेळाडूंना चक्क पगार!

"खेळायचा पगार असतोय व्हय?" राजेश्रीचे वडील दिनकरराव म्हणाले. पुढं महिन्याभरातच चहाच्या हॉटेलात तेच ऐटीत सांगू लागले, "आमची पोरगी ड्युटीवर गेलीय."

पण त्याआधी निवड झाली. जागा बारा, पोरी तेरा. बाईंनी अट घातली, दहा चेंडूंत सात गेले पाहिजेत. बारा जणी पार पडल्या. शेवटी ईश्वरी आली. नऊ टाकून झाले तेव्हा तिचे सहा गेले होते. दहावा तिनं सोडला आणि पाठ फिरवली. चेंडू माझ्या काठावर दोनदा फिरला आणि बाहेर पडला. जाळीचा आवाज आलाच नाही. तिनं वळून पाहिलं नाही, सायकल घेतली आणि घरी गेली. दोन वर्षांनी लग्न होऊन ती पाथरीला नांदायला गेली.

संघ मात्र गाजला. पहिल्या हंगामात हरला, दुसऱ्यात सावरला. बाहेरून खेळून आली की राजेश्री म्हणायची, "बाई, तिकडं चेंडू पटपट जातोय, घरीच जात न्हाई." बाई म्हणायच्या, "घरी लक्ष नसतं तुमचं." तिसऱ्या हंगामात पोरी अंतिम सामन्यात एका गुणानं हरल्या, तरी एसटीतून उतरल्या तेव्हा सगळं गाव हलगी घेऊन फाट्यावर आलं होतं. मग जिनिंग बंद पडली, पाठोपाठ लीगही. संघाच्या पिवळ्या जर्स्या घालून माणसं फवारणी करताना दिसायची. दुरून पिवळं काही दिसलं की मला अजून वाटतं, पोरी सरावाला निघाल्या.

गेल्या महिन्यात शाळेत नवी रिंग आली. मला उतरवायला म्हातारे बन्सीधरच आले. त्यांनी मला नवीवर ठेवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, म्या हिला धावंवानी कापलीय. दोन बोटं कमी हाय."

बाई ओट्यावर बसूनच राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ईश्वरीला बोलावून घेतलं. ती आली, सोबत दहा वर्षांची लेक वैदेही.

"ईश्वरी, तुझा दहावा चेंडू गेला असता," बाई म्हणाल्या. "रिंगच लहान होती. मी मोजली नाही गं."

ईश्वरीनं माझ्या काठावरून बोट फिरवलं.

"बारा जणींनी हिच्यातच टाकले की, बाई." मग म्हणाली, "पण लय वर्षं मला वाटायलं, आपलाच हात कमी पडला."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. ईश्वरी बन्सीधरांना म्हणाली, "एकदा वर बांधा हिला, बाबा."

जुन्या खांबाला मला तारेनं बांधलं. ईश्वरीनं पदर खोचला, चेंडू सोडला आणि पाठ फिरवली. पसरता आलं असतं तर मी पसरले असते. चेंडू दोनदा फिरला आणि बाहेर पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ईश्वरी मात्र हसली. "आता कोण मोजायलंय?" म्हणत तिनं चेंडू उचलला आणि पुन्हा टाकला. तो गेला. अंधारेपर्यंत ती टाकत राहिली.

आता मी पाथरीला तिच्या घराच्या पत्र्याच्या भिंतीवर आहे. मुसक्याची जाळी कुजली, नवी ईश्वरीनं विणली. गल्लीतल्या पोरी येतात आणि वैदेही त्यांना नेम शिकवते. तुम्ही कधी आलात आणि एखादीचा चेंडू हुकताना दिसला, तर तिला लगेच काही बोलू नका. आधी माझ्या खाली पहा. ईश्वरीनं चुन्यानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, 'रिंग दोन बोटं कमी आहे.'