मुखरूच्या पाठीवरचे शिक्के

“हालू नको बे! शिक्का फिसकटते.”

मुखरू अंगणात उघड्या पाठीनं बसला होता. माझ्या एका हातात गेरूची वाटी, दुसऱ्यात सरकारी हातोडा. आलापल्लीच्या लाकूड डेपोत बावीस वर्षं त्यानं हाच हातोडा मारला. सागवानाच्या बुडाशी ठण्ण करून शिक्का उमटला की लाकूड सरकारचं, चोरीचं नाही. आणि पुढं जंगलखात्याच्या नाक्यावर नाकेदार मी. बिनशिक्क्याचं लाकूड माझ्या आडव्या बांबूखालून कधी गेलं नाही, मग बैलबंडी सख्ख्या साळ्याची का असेना.

साल शहाऐंशी. मुखरूच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती. कॅन्सर. आदल्या दिवशीच आम्ही नागपूरच्या दवाखान्यातून आलो होतो. तिथली डॉक्टरीण सत्यशीला, आरमोरीकडची पोरगी, आमच्याच बोलीत बोलायची. गाठ पसरली, आता कापता येत नाही, हे तिनं तोंडावर सांगितलं.

मुखरूनं विचारलं, “मंग आंगात कोनी पाहारा देत नाई का वो बाई?”

“देते ना काका. रक्तात जन्मापासूनच पाहारेकरी रायते. आपल्या पेशीवर आपली निशानी असते. जिच्यावर निशानी नाई दिसली, तिले ते जागीच मारते.”

“म्हंजे हा हरिदास!” मुखरूनं मला कोपर मारलं. “मंग माह्यावाला नाकेदार झोपला काऊन?”

“झोपला नाई. चोर लय झाले, तो एकटा पडला. अमेरिकेत असे पाहारेकरी रक्तातून काढून, दवाई पाजून तगडे करून, परत आंगात सोडून पाहून राह्यले. काहीच्या गाठी बसल्या. काही त्या दवाईनंच गेले.”

“इथी?”

“इथी नाई अजून.”

“मंग कधी?”

तिनं टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला.

परतीच्या एस्टीत चंद्रपूर गेल्यावर मुखरू म्हणाला, “हरिदास, मले जगा लागते बे. आता डूटी होत नाई, हातोडा उद्या पाच वाजता सायबाकडे जमा होते. त्याच्या आंधी गाठ सोडून साऱ्या आंगाले शिक्के मार. नाकेदाराले समजू दे, आपला माल कोनता अन् चोरीचा कोनता.”

“येडा झाला का?”

“झालो. मारतं का नाई?”

तर मी मारत होतो. मारत कसला, लेकराला थोपटावं तसा टेकवत होतो. पाठ, खांदे, छाती. बरगड्यांवर शिक्का अर्धाच उमटायचा. तेवढ्यात मनकर्णा, त्याची बायको, पाण्याची गुंडी घेऊन आली.

“अवो बाई! हरिदासभाऊ, तुमाले तरी अक्कल पाह्यजे! माह्या नवऱ्याले का लिलावात काढता?”

मुखरू इतका हसला की खोकून खोकून वाकला. मनकर्णानं गुंडी खाली ठेवली. त्याच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं.

“इथी, काखेखाली सुटलं ना. नीट मारा.”

पाचच्या आत हातोडा पुसून आम्ही जमा केला.

आठ दिवसांनी नागपूरला सत्यशीलानं त्याचा सदरा वर केला. शिक्के फिकट झाले होते, पण होते. मनकर्णा आंघोळीला नुसतं पाणी ओतायची, पाठ घासायची नाही. डॉक्टरणीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग दोन शिक्क्यांच्या मधली जागा शोधून तिथं तपासायची नळी टेकवली.

पोळ्याच्या आठवड्यात मुखरू गेला. सरणाचं लाकूड डेपोतून निघालं, बंडी नाक्यावर आली. सवयीनं माझी नजर गेली. एकाही लाकडावर शिक्का नव्हता. हातोड्यावर दुसरा माणूस अजून आला नव्हता, आणि पहिला पुढं चार खांद्यांवर चालला होता.

मी दोर ओढून बांबू वर केला, आणि बंडी वळणाआड जाईस्तोवर दोर सोडला नाही.