कठड्याची वरची पट्टी

केशरने पातं रेटलं आणि व्हार्निशचा पापुद्रा पुन्हा सुटून आला. तिसरी खेप. तान्ही मयूरी झोळीत होती. ती उठेपर्यंतच केशरचे हात मोकळे. शनिवारी होमस्टेला पहिले पाहुणे यायचे होते आणि खोल्यांपुढच्या लाकडी ओट्याचा हा कठडा खरूज झाल्यासारखा दिसत होता.

"दुकानात परशूनं डब्यात रॉकेल मिसळलं असणार," तिचा नवरा विनायक म्हणाला.

"डबा मी सोत्ता फोडला. उभे दांडे बघ की, कसे चकाकत्यात. वरची पट्टीच तेवढी सुटती."

"मग तुझा हात जड पडतोय."

"तुझा हलका हाय न्हवं? ये, लाव."

तो गाडीची किल्ली शोधू लागला. जाता जाता आवाज उतरवून म्हणाला, "अप्पांचं गुडघं काय धरंनात. पाहुणं गेलं की खानापूरला अक्काकडं सोडू त्यांना."

"माझं गुडघं मला इचारा," आतून सासऱ्यांचा आवाज आला. "बराबर हायत."

गाडी रामनगरच्या वाटेला लागली. केशरने चिडून पॉलिश पेपर घासायला घेतला. भुसा नाकात गेला आणि हात थांबला. करंजेलाचा वास. रोज जेवणानंतर अप्पांच्या गुडघ्यांना लागायचं, तेच करंजाच्या बियांचं तेल. सुटलेला पट्टा अप्पांच्या दारापासून सुरू होऊन थेट न्हाणीपर्यंत गेला होता. तळव्याएवढा रुंद. दर खेपेला ती लाकूड कोरं करून दिवसभर उन्हात सोडायची, व्हार्निश दुसऱ्या दिवशी. म्हणजे तेल मधल्या दुपारीच लागत होतं.

दुपारी लेकीला कुशीत घेऊन ती पडली, पण दार किलकिलं ठेवून. थोड्या वेळाने अप्पा बाहेर आले. तेलकट हातांनी कठडा धरून, कानडीत मोजत एकेक पाऊल टाकू लागले. "ओंदु... येरडु..." कोपऱ्यावर थांबून धापा टाकल्या. परत फिरले. तिसऱ्या येरझारीला ओठ घट्ट मिटलेले.

मयूरी चुळबुळली. केशरने तिला आवाज होऊ न देता पाजायला घेतलं.

संध्याकाळी विनायक परतला तेव्हा ती सगळ्यात बारीक पेपर घेऊन वरची पट्टी घासत होती.

"व्हार्निश?"

"खालीच. वर करंजेल लावायचं. वाळवी धरत न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"अप्पांनी."

खुर्चीत सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला. अप्पांनी धोतर गुडघ्यांवर ओढून घेतलं.

केशरने दारापासून न्हाणीपर्यंत तळवा फिरवून पाहिला. कुठे कुसळ लागलं नाही. मग तेलाची बाटली आणून खुर्चीपाशी ठेवली.

"उद्या दुपारी तुमीच लावा अप्पा. मी निजलेली असते."