इंगाचं भांडं

मित्रांनो, मी एक जुनं, जाड काचेचं भांडं आहे. माझ्या तळाला लाल नेलपॉलिशने 'इंगा' असं माझ्या मालकिणीचं नाव लिहिलंय. मिनेसोटातल्या आमच्या गावी चर्चच्या जेवणाला प्रत्येकजण घरून काहीतरी करून आणतो. भांडी एकसारखी, म्हणून खाली नाव. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत.

१९६८ साल. लढाई व्हिएतनाममध्ये होती आणि भांडणं घरोघरी. शेजारच्या व्हर्नाचा मुलगा तिकडे मारला गेला. इंगाचा मुलगा रॉजर मात्र सक्तीची लष्करभरती चुकवून कॅनडात पळालेला. इंगाने माझ्यात बटाटे-खिमा भरून व्हर्नाच्या दारी नेला.

"तुझा जिवंत आहे ना? मग मला कसलं जेवण देतेस?" व्हर्ना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी पायरीवरच राहिलं. पुढे तिने मला आत नेऊन धुतलं. पण भरून द्यायला तिचं मन होईना, रिकामं द्यायला हात धजेना. नऊ वर्षं मी तळघरात धूळ खात पडलं. मला फार वाईट वाटायचं.

भरती चुकवणाऱ्यांना सरकारने माफी दिली, रॉजर परतला. तेव्हा व्हर्ना मला सफरचंदांनी भरून इंगाच्या दारात उभी राहिली.

"मला वाटलं, फोडलंस," इंगा म्हणाली.

"कशी फोडू? तुझं नाव होतं ना खाली."

मग माझ्या नुसत्या येरझाऱ्या. इंगा वारली तेव्हा मी व्हर्नाकडे होतं.

२०२० साली कोरोनाची साथ आली, दंगलींत शहरं पेटली, निवडणूक आली. टीव्हीवरचा आरडाओरडा माझ्या ओळखीचा होता. अंगणांतल्या एकमेकांविरुद्धच्या प्रचाराच्या पाट्यांवरून व्हर्नाची मुलगी कारिन आणि शेजारी आईच्या घरात राहणारा रॉजर यांचं बोलणं तुटलं. तेवढ्यात रॉजर आजारी पडला.

"त्याचं भांडं ठेव तळघरात," कारिन म्हणाली.

"तिथून वर यायला नऊ वर्षं लागतात," नव्वदीची व्हर्ना म्हणाली. "मी तेवढी थांबणार नाही. बटाटे सोल."

कारिनने धुसफुसत सोलले आणि मला रॉजरच्या पायरीवर ठेवून ती लांब उभी राहिली. रॉजर खोकत बाहेर आला. मला उचलून त्याने तळाचं आईचं अक्षर पाहिलं.

"भांडं लवकर परत येईल," तो म्हणाला.

"रिकामं नको," कारिन म्हणाली.

पाट्या अजून दोन्ही अंगणांत आहेत. मी मात्र गेल्या आठवड्यात पुन्हा कुंपण ओलांडलं, आणि त्याबद्दल मी सगळ्यांचं ऋणी आहे. मित्रांनो, तुमच्याकडे कुणाचं भांडं राहिलं असेल, तर आजच काढून धुवा. काय भरायचं ते मग सुचेल.