उजवीकडे फिरवलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना वायुभारमापक आहे. हवेचा दाब मोजणे हे माझे काम. नौपाड्यात श्रीपाद मास्तरांच्या ओटीवर मी आता पुन्हा टांगला गेलो आहे. पण त्याआधी नऊ वर्षे माळ्यावर पडून होतो, आणि सगळे मला खोटारडा म्हणत होते. मी ते निमूट ऐकून घेतले. का, ते सांगतो.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. पितळेची गोल पेटी, वर काच आणि आत एक नाजूक काटा. दाब वाढला की काटा उजवीकडे सरकतो, कमी झाला की डावीकडे घसरतो, आणि फार घसरला तर समजावे की वादळ येत आहे. काही वर्षे एका बोटीवर चाकरी करून मी मुंबईच्या लिलावात आलो. शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांनी मला तिथून घरी आणले आणि माझ्या काचेवर एक तांबडी रेघ ओढली.

ती रेघ काळुरामसाठी होती. हा चेंदणी कोळीवाड्यातला होडीवाला. मिठागरातले मीठ खाडीने मुंबईला पोचवायचा. निघण्यापूर्वी तो ओटीवर येई, काटा अडकला असेल तर सुटावा म्हणून नखाने काचेवर टकटक करी आणि रेघ पाही. काटा रेघेच्या डावीकडे असला की त्या दिवशी होडी सुटत नसे. त्याला अक्षरओळख नव्हती, पण मी त्याला वाचता येत होतो. "मास्तर, तुमचा काटा माज्या बापावानी हाय," असे तो म्हणे, आणि मी दिवसभर फुगून बसे.

त्याची नऊ वर्षांची लेक शेवंती नेहमी बरोबर येई. माझ्या पाठीला एक बारीक स्क्रू आहे. पेपरातला कुलाब्याच्या वेधशाळेचा दाबाचा आकडा पाहून मास्तर कधीमधी तो पेचकसाने फिरवीत आणि काटा बरोबर जागी आणीत. शेवंती हे सगळे डोळे मोठे करून बघे.

१९४८ सालची गोष्ट. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी विमानातून समुद्री वादळावर कोरडा बर्फ टाकला, अशी बातमी मास्तरांच्या वाचनात आली. त्यांना कोण आनंद झाला! "माणूस आता वादळालाही वळवणार," ते शेवंतीला म्हणाले.

"कसा वलवनार?"

"यंत्रानं, पोरी."

त्याच बातमीत पुढे लिहिले होते की ते वादळ वळले खरे, पण दुसऱ्याच गावावर जाऊन आदळले; आणि ते बर्फामुळे वळले की आपल्या मर्जीने, हे कुणालाच सांगता येत नव्हते. मास्तरांनी तेही वाचले होते. शेवंतीला सांगितले मात्र नाही. चांगली बातमी अर्धी सांगायची त्यांना खोडच होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मास्तर सकाळीच कल्याणला गेले. तिथल्या वाचनालयात त्यांचे याच विषयावर व्याख्यान होते. घरात कुणी नव्हते. माझा काटा पहाटेपासून घसरत होता आणि तांबडी रेघ ओलांडून डावीकडे गेला होता. शेवंती ओटीवर आली आणि मला बघून पांढरी पडली. तिचा थोरला भाऊ दौलत दोन दिवसांपूर्वी मोठी होडी घेऊन मुंबईला गेला होता. तो आज परत निघणार होता.

तिने स्टूल ओढले, खणातला पेचकस काढला आणि माझ्या पाठीचा स्क्रू फिरवला. काटा रेघ ओलांडून उजवीकडे, पार उजवीकडे आला. तिने हात जोडले. वादळ वळले, असे तिला खरेच वाटले.

दुपारी काळुराम आला. ओहोटीबरोबर मिठाची दुसरी होडी न्यायची होती. त्याने टकटक केले. मी तेव्हाही घसरतच होतो, मित्रांनो. जितका घसरता येईल तितका घसरलो. पण रेघ आता फार लांब होती.

"आभाल बरा दिसत नाय," तो म्हणाला, "पन काटा बरा हाय."

"जा बा," शेवंती म्हणाली. "वादल येनार नाय."

त्या रात्री वादळ आले. चौथ्या दिवशी तिवरांच्या चिखलात होडीची एक फळी सापडली. काळुराम सापडला नाही. दौलत सुखरूप परतला. आभाळाचा रंग बघून त्याने मुंबईच्या बंदरातून होडी सोडलीच नव्हती.

शेवंतीने मास्तरांना सगळे सांगितले. "मी काटा फिरवला, तं वादल का नाय फिरला?" एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मास्तर खाली बसले आणि रडले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. आणि लोकांनी कुणाला बोल लावायचाच, तर काट्याला लावू दे. तू लहान आहेस." त्यांनी काटा पुन्हा जागेवर आणला, पुन्हा कुणी फिरवू नये म्हणून स्क्रूवर लाख ओतली आणि मला माळ्यावर ठेवले. खोट्या काट्याने काळुरामला मारले, असे कोळीवाडा म्हणू लागला. मला फार वाईट वाटे. पण ते पोरीला बोलण्यापेक्षा मला बोलत होते, हेच बरे होते.

गेल्या वर्षी शेवंतीचे लग्न ठरले. ती दौलतला घेऊन मास्तरांकडे आली, तिने मला खाली काढायला लावले आणि भावाला म्हणाली, "काटा खोटा नव्हता. मी फिरवलेला."

"का?"

"तू पान्यावर व्हतास म्हनून."

दौलतने नखाने माझ्या काचेवर टकटक केले, अगदी बापासारखे. माझा काटा जागचा हलला नाही; तो अडकलेला नव्हताच. त्याने शेवंतीला जवळ घेतले, आणि दोघे ओटीवर बसून रडली.

मित्रांनो, वादळाला माणूस कधी वळवू शकेल का, हे मला माहीत नाही. पेपरात अजून बातम्या येतात, मास्तर आता त्या शेवटपर्यंत वाचतात आणि शेवटपर्यंत सांगतात. माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. मी घसरलो, तर मला घसरू द्या. आणि घरातले कुणी पाण्यावर निघाले असेल, तर धावत बंदरावर जाऊन त्याला हाक मारा. त्या दुपारी काळुराम या ओटीवरच उभा होता. शेवंतीने नुसते "बा, थांब" म्हटले असते, तरी तो थांबला असता.